हुसैनीवाला आणि बारा गावं

मुंबईहून निघालेली पंजाब मेल १९३० किलोमीटर धावून फिरोजपूर कॅन्टोन्मेंटला थांबते. १ जून १९१२ रोजी सुरू झालेली ही गाडी फाळणीआधी पार पेशावरपर्यंत जायची. आता फिरोजपूर हे तिचं शेवटचं स्टेशन. तिथून एक रूळ मात्र अजून पुढे जातो. शेताशेतांतून दहाएक किलोमीटर गेल्यावर सतलजच्या अलीकडे तोही संपतो. या शेवटच्या स्टेशनचं नाव हुसैनीवाला. पूर्वी हीच लाइन कैसर-ए-हिंद पुलावरून सतलज ओलांडायची आणि कसूरमार्गे लाहोरला पोचायची. त्या दुमजली पुलावर खालून आगगाडी जायची, वरून रस्ता.

हुसैनीवाला म्हणजे मोठं गाव नाही. एक स्टेशन, नदीवर दारं लावलेला बंधारा, पलीकडच्या काठावर समाधी, सीमा सुरक्षा दलाची चौकी आणि आजूबाजूला पसरलेली छोटी गावं. ज्या पीरबाबांवरून हे नाव पडलं, त्यांचा दर्गा आज सीमा सुरक्षा दलाच्या आवारात आहे. आपल्याकडे हे नाव कानावर पडतं ते २३ मार्चला. त्या दिवशी एक गोष्ट हमखास सांगितली जाते : भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना जिथे अग्नी दिला ती जागा फाळणीत पाकिस्तानात गेली होती, आणि १९६१ साली भारतानं बारा गावं देऊन ती परत घेतली.

गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. दोन देश केवळ एका चितेच्या जागेसाठी नकाशा बदलत नाहीत, त्यासाठी राज्यघटनेत दुरुस्ती तर नाहीच नाही. ती इथे झाली. ती का झाली, हे समजून घ्यायचं तर आधी पाण्याकडे बघावं लागतं.

नदी आणि हेड

हरिके इथे बियास सतलजला मिळते आणि तिथून खाली नदी सपाट पंजाबात पसरते. उतार इतका कमी की पात्र एका जागी राहत नाही. एका पुरात डावा काठ कापते, पुढच्या पुरात उजव्या काठावर मळी टाकते. नदीकाठच्या या सखल पट्ट्याला पंजाबीत ‘बेट’ म्हणतात. आपल्या मराठीत बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेली जमीन. इथल्या काही गावांना पावसाळ्यात दोन्ही भाषांतले अर्थ एकदम लागू पडतात. पाणी गावात शिरू नये म्हणून मातीचा लांबलचक बांध घातलेला असतो. त्याला ‘धुस्सी बंध’ म्हणतात, आणि पुराच्या दिवसांत सगळ्या पट्ट्याचा जीव त्या बांधात अडकलेला असतो.

अशा भटक्या नदीवर १९२७ साली हुसैनीवालाचं हेडवर्क्स, म्हणजे नदीचं पाणी कालव्यांत वळवणारा बंधारा, पूर्ण झालं. सतलज खोरे प्रकल्पातल्या बंधाऱ्यांपैकी हा एक. सुलेमानकी आणि इस्लाम हे बंधारे त्याच्या खालच्या अंगाला. हुसैनीवालाच्या उजव्या बाजूनं दीपालपूर कालवा निघतो, डाव्या बाजूनं ईस्टर्न कॅनॉल आणि बिकानेरला जाणारा गंग कालवा. महाराजा गंगासिंहांनी वाळवंटात पाणी नेण्यासाठी हा कालवा खोदून घेतला. २६ ऑक्टोबर १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आजचा श्रीगंगानगर जिल्हा याच पाण्यावर उभा राहिला. म्हणजे दारं पंजाबात आणि पिकं राजपुतान्यात. दुसऱ्या अंगाचं पाणी थेट मॉन्टगोमेरी जिल्ह्याकडे, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या ओकाडा-साहीवालकडे. या दारांची चावी ज्याच्या हाती, त्याच्या हाती तीन प्रदेशांचं धान्य.

हेडवर्क्स म्हणजे नदीत आडवी घातलेली नुसती भिंत नव्हे, ही गोष्ट पुढच्या सगळ्या भांडणाच्या मुळाशी आहे. नदीनं बंधाऱ्याला वळसा घालून पळू नये म्हणून वरच्या अंगाला दोन्ही काठांवर मार्गदर्शक बांध लागतात. कालव्यांची मुखं, गाळ काढायची सोय, दुरुस्तीच्या दगडांचे ढीग, कर्मचाऱ्यांच्या चाळी हे सगळं दोन्ही काठांवर पसरलेलं असतं. एकच काठ हातात असेल तर बंधारा नीट चालवता येत नाही.

२३ मार्च १९३१

या रात्रीबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण ती आपल्याला ठाऊक आहे. फाशी २४ तारखेच्या सकाळची ठरली होती. लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात ती आदल्या संध्याकाळी सातच्या सुमारास दिली. बाहेर लोक जमतील या भीतीनं मृतदेह गुपचूप बाहेर काढले आणि रात्रीतून कसूरमार्गे सतलजच्या काठावर आणून घाईघाईनं जाळले. खेडच्या शिवराम हरी राजगुरूंचं वय तेव्हा २२ होतं.

जागा हीच का निवडली? रस्ता आणि लोहमार्ग लाहोरहून सरळ इथवर येत होते, वस्ती विरळ होती आणि नदी जवळ होती. पुरावा लवकर नाहीसा करायला सोयीची जागा, एवढाच तो हिशोब. ज्या पुलामुळे आणि बंधाऱ्यामुळे ही जागा मोक्याची झाली होती, त्यांच्यामुळेच ती चिताही इथे पेटली, असं मला वाटतं.

१९४७ चे ते दिवस

सिरिल रॅडक्लिफ फाळणीची रेषा आखायला ८ जुलै १९४७ ला भारतात आले आणि पाच आठवड्यांत दोन प्रांतांच्या वाटण्या करून मोकळे झाले. फिरोजपूर आणि झिरा या तहसिलींत मुस्लिम बहुसंख्य होते, म्हणून त्या पाकिस्तानात जातील असा बहुतेकांचा अंदाज होता. ८ ऑगस्टला व्हाइसरॉयच्या कचेरीतून पंजाबचे गव्हर्नर जेन्किन्स यांच्याकडे एक पत्र गेलं. सोबतच्या कच्च्या नकाशात या दोन्ही तहसिली पाकिस्तानात दाखवल्या होत्या. १७ ऑगस्टला निवाडा जाहीर झाला तेव्हा त्या भारतात होत्या.

मधल्या दिवसांत काय घडलं यावर आजही वाद आहे. बिकानेरचे महाराजा सादुलसिंह आणि त्यांचे मुख्य अभियंता कंवर सेन यांनी माउंटबॅटनपर्यंत आपलं गाऱ्हाणं पोचवलं होतं : हेडवर्क्स पाकिस्तानात गेलं तर बिकानेरचं पाणी परक्याच्या मर्जीवर राहील. पाकिस्तानच्या बाजूनं याला सरळ सरळ दगाबाजी म्हटलं जातं. रॅडक्लिफचे सचिव ख्रिस्तोफर बोमाँट यांनीही १९९२ साली, रेषा दबावाखाली बदलली गेली, असं जाहीरपणे सांगितलं. कुणाचं म्हणणं किती धरायचं ते वाचकानं ठरवावं. एक मात्र दोन्ही बाजूंनी मान्य आहे : वाद फिरोजपूर शहराचा होता तेवढाच या दारांचा होता.

रेषेनं भारताला फिरोजपूर दिलं, पण सतलजच्या उजव्या काठावरची जमीन कसूर तहसिलीबरोबर पाकिस्तानात राहिली आणि दहनाची जागाही तिच्यासोबत गेली. खाली सुलेमानकीला नेमकं उलटं झालं. निवाड्यात स्वतंत्र कलम घालून रॅडक्लिफनी लिहिलं की सुलेमानकीचं हेडवर्क्स पश्चिम पंजाबकडेच, म्हणजे पाकिस्तानकडेच, राहावं असा आपला हेतू आहे आणि जिल्ह्याच्या हद्दीनं ते साधत नसेल तर लागेल तेवढा भाग त्यांना द्यावा. पण ‘लागेल तेवढा’ म्हणजे किती? जमिनीवर ते कुणी मोजून दिलं नाही. अशा रीतीनं दोन्ही देशांकडे एकेक अर्धवट हेडवर्क्स आलं.

१ एप्रिल १९४८ रोजी या अर्धवटपणाची किंमत कळली. भारतातल्या पूर्व पंजाबनं रावीवरचं माधोपूर आणि हुसैनीवाला इथून पाकिस्तानात जाणारं पाणी बंद केलं. दीपालपूर कालवा कोरडा पडला. ४ मे १९४८ च्या दिल्ली करारानं तात्पुरती तडजोड झाली, पण पाकिस्ताननं धडा घेतला आणि चिनाबचं पाणी जोडकालव्यानं दीपालपूरपर्यंत आणायच्या कामाला लागला. ज्या कालव्याचं मुख भारताच्या हातात होतं, त्याला पाठीमागून दुसरं मुख दिलं.

करार, कोर्ट आणि १७ जानेवारी

आता तारखा एकापुढे एक ठेवून बघा. १९६० साल उजाडलं तेव्हा सिंधू पाणीवाटपाच्या वाटाघाटी शेवटाला आल्या होत्या. सतलज, बियास आणि रावी भारताच्या वाट्याला येणार हे दिसत होतं. तसं झालं की हुसैनीवालाच्या दारांत पाकिस्तानला काही राखायचं उरत नव्हतं. सुलेमानकीतून मात्र त्यांचे कालवे निघत होते, तिथला डावा काठ त्यांना हवा होता. आपल्याला हुसैनीवालाचा उजवा काठ हवा होता. ज्याला जे हवं ते समोरच्याकडे, आणि समोरच्याला त्याची फारशी गरज नाही. यापेक्षा सोपा सौदा सीमेवर क्वचितच मिळतो.

११ जानेवारी १९६० रोजी भारताचे मंत्री स्वर्णसिंग आणि पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल के. एम. शेख यांच्या वाटाघाटींतून पश्चिम सीमेचा करार झाला. पंजाबच्या सीमेवरचे जे वाद त्यात निकाली निघाले, त्यांत फिरोजपूर, म्हणजे हुसैनीवालाच, आणि सुलेमानकी ही दोन हेडवर्क्स होती. विषय होता तो बंधाऱ्यांचा. सिंधू करारावर सह्या झाल्या त्यानंतर, १९ सप्टेंबरला.

मध्येच कायद्याची अडचण उभी राहिली, तीही पार बंगालमधून. १९५८ च्या नेहरू-नून कराराप्रमाणे बेरुबारीचा काही भाग पूर्व पाकिस्तानला द्यायचा होता. सरकारला हे करता येतं का, असा प्रश्न राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाला विचारला. १४ मार्च १९६० ला न्यायालयानं मत दिलं : देशाचा भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा तर नुसता करार किंवा साधा कायदा पुरत नाही, राज्यघटनेत दुरुस्ती करावी लागते. या मतामुळे पंजाबचा सौदाही अडला, कारण सुलेमानकीकडची जमीन भारताची होती आणि ती द्यायची होती.

म्हणून नववी घटनादुरुस्ती आली. २८ डिसेंबर १९६० रोजी तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तिच्यात १९५८, १९५९ आणि १९६० चे तिन्ही करार एकत्र बांधलेले आहेत. मिळणारी जमीन पंजाबात सामावून घेण्यासाठी वेगळा कायदा केला. पंजाबच्या देवघेवीचा दिवस ठरला १७ जानेवारी १९६१. फाजिल्काजवळ सुलेमानकी हेडवर्क्सच्या बाजूची बारा गावं तिकडे गेली आणि हुसैनीवालाचा उजवा काठ इकडे आला.

संमतीपासून हस्तांतरणापर्यंत वीस दिवस लागले. त्याच दुरुस्तीतल्या बेरुबारीचं भिजत घोंगडं मात्र वर्षानुवर्षं तसंच राहिलं. एकाच कायद्याच्या दोन टोकांना इतका फरक पडला, कारण पंजाबात दोन्ही बाजूंना आपापली दारं हवी होती. बेरुबारीत मिळायचं काहीच नव्हतं, फक्त द्यायचं होतं.

या सगळ्यात स्मारक कुठे येतं? ते उभं राहिलं १९६८ साली, जमीन हाती आल्यावर सात वर्षांनी. ‘समाधीसाठी बारा गावं दिली’ असं म्हणताना आपण सात वर्षांनंतरची गोष्ट आधी सांगतो. याचा अर्थ सरकारच्या मनात ती चिता नव्हती असं मी म्हणणार नाही. पंजाबातल्या लोकांच्या मनात ती नक्कीच होती. २० जुलै १९६५ ला भगतसिंगांचे क्रांतिकारक सहकारी बटुकेश्वर दत्त वारले तेव्हा अजून काहीच बांधलेलं नव्हतं. तरी त्यांना अग्नी इथेच दिला, कारण ती त्यांची इच्छा होती. १९७५ साली भगतसिंगांच्या आई विद्यावती यांनाही इथेच निरोप दिला. कागदावर ही जागा पाण्यासाठी आली आणि लोकांनी ती चितेसाठी राखली. मला दोन्ही खरं वाटतं, फक्त पहिलं कुणी सांगत नाही याचं वाईट वाटतं. ज्या बारा गावांतल्या लोकांची जमीन एका रात्रीत परदेश झाली, त्यांना आपण निदान खरं कारण तरी देणं लागतो.

दोन युद्धं

मिळालेला उजवा काठ लष्कराच्या दृष्टीनं अवघड होता. पाठीशी नदी, पुढे शत्रू आणि मागे यायला एकच पूल. १९६५ साली ही जागा राखायला मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन होती, ‘काली पांचवी’ म्हणतात ती. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल नोलन इथेच धारातीर्थी पडले. काठ पडला नाही. बटालियनला या लढाईचा युद्धसन्मान मिळाला. सातारा, सांगली, बेळगावच्या मुलांनी राजगुरूंच्या चितेची जागा राखली, हे आपल्याकडच्या २३ मार्चच्या भाषणांत मी कधी ऐकलं नाही. ते सांगायला हवं.

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी हल्ला आला तेव्हा तिथे १५ पंजाब ही बटालियन होती. उजवा काठ टिकला नाही. शत्रूला नदी ओलांडता येऊ नये म्हणून आपल्याच सैन्यानं पूल उडवला आणि लाहोरकडे जाणारी वाट कायमची तुटली. स्मारकाची मोडतोड झाली, तिन्ही हुतात्म्यांचे पुतळे पाकिस्तानी सैन्यानं नेले. सिमला करारानंतर जमीन परत आली, पुतळे आले नाहीत. १९७३ साली मुख्यमंत्री ग्यानी झैलसिंग यांच्या काळात स्मारक नव्यानं उभारलं.

बेटातली माणसं

युद्ध संपलं, पण पूल तात्पुरताच राहिला. लोखंडी बेली पुलावरून लोक ये-जा करत. २८० फुटांचा पक्का पूल झाला तो २०१८ साली. स्मारकाला येणारे पर्यटक या पुलावरून जातात, संध्याकाळचा ध्वज उतरवण्याचा सोहळा बघतात आणि परततात. समोरच्या, पाकिस्तानातल्या गंडासिंगवालाचे लोक इथून चेहरे ओळखू येतील इतके जवळ बसतात. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर हा सोहळा आटोपता घेतला गेला, मग काही दिवस लोकांसाठी बंद झाला. मेमध्ये लोकांसाठी तो पुन्हा सुरू झाला, पण फाटक न उघडता आणि हस्तांदोलनाशिवाय.

पर्यटकांची बस वळते तिथून पुढे गट्टी राजोके, टेंडीवाला, कालूवाला अशी गावं लागतात. फाळणीनंतर या पट्ट्यात प्रामुख्यानं रायसिख कुटुंबं वसली. त्यांनी सरकंड्याची, म्हणजे उंच गवताची, रानं तोडून जमीन लागवडीला आणली. कित्येकांच्या नावावर ती अजून पक्की लागलेली नाही. कालूवालाच्या तीन बाजूंना सतलज आहे आणि चौथ्या बाजूला सीमेचं कुंपण.

हे कुंपण शून्य रेषेवर, म्हणजे प्रत्यक्ष सीमेवर नाही, आपल्या हद्दीत आत आहे. त्यामुळे बरीच शेती कुंपणापलीकडे पडते. तिथे जायचं तर शेतकऱ्याला सीमा सुरक्षा दलाचं ओळखपत्र लागतं. ठरलेल्या वेळी फाटक उघडतं, नाव लिहून घेतात, ट्रॅक्टरची तपासणी होते, जवान सोबत असतात आणि वेळ संपली की काम अर्धं टाकून परतावं लागतं. पाणी रात्री आलं तरी रात्री पाणी धरता येत नाही. उंच वाढणारं पीक लावायला मनाई, कारण त्यात माणूस लपतो. ऊस नाही, मका नाही, राहतो गहू आणि भात. ज्याला आपण शेतात मन मानेल तेव्हा जाणं म्हणतो, ते या माणसाला कधी मिळालेलं नाही.

आणि नदी. करारानं सतलज भारताची, म्हणून एरवी हुसैनीवालाच्या दारांखाली पाणी अगदी थोडं असतं. पात्र वळणं घेत सीमेच्या इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरतं. पलीकडून येताना कसूरच्या चामड्याच्या कारखान्यांची घाण सोबत आणतं. बेटातले लोक काळ्या पाण्याबद्दल आणि त्वचेच्या रोगांबद्दल वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत. मग एखाद्या पावसाळ्यात धरणं भरतात, हरिकेहून दोन लाख क्युसेकच्या वर पाणी सुटतं आणि सगळं बेट बुडतं. २०२३ ला ते झालं, २०२५ ला पुन्हा झालं. पाणी ओसरल्यावर शेतात गुडघाभर वाळू. धुस्सी बंधाच्या आतली गावं वाचतात. ही गावं बंधाच्या बाहेर, नदीच्या बाजूला.

२३ मार्चला फिरोजपूरहून हुसैनीवालापर्यंत खास गाडी सोडतात. एरवी गंजत पडलेले रूळ त्या दिवशी चकाकतात. लोक उतरतात, पूल ओलांडून समाधीवर फुलं वाहतात आणि संध्याकाळी परत जातात. त्याच नदीवर थोडं खाली कालूवालाची पोरं दप्तर पाण्यापासून वर धरून नावेत बसतात आणि गट्टी राजोकेच्या शाळेत जायला काठ ओलांडतात. नाव मिळाली नाही की त्या दिवशी शाळा नाही.